फोटो निघतो कुठे, पोचतो कुठे

भेळ संपली की खालचा कागद हातात उरतो. शेवेच्या तेलानं तो मेणकापडासारखा झालेला असतो. शाळेत असताना मला त्या कागदावरचा एक खेळ सापडला होता. छापलेल्या एखाद्या फोटोवर बोटानं पाण्याचा थेंब सोडायचा. तेलकट कागदावर थेंब पसरत नाही, टच्च फुगून बसतो आणि त्याचं भिंग होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थेंबाखाली कुणा पुढाऱ्याचा गाल होता. म्हणजे गाल नव्हताच तिथे. नुसते काळे ठिपके होते, शिस्तीत रांगा लावून उभे. हनुवटीकडे ते मोठे होत एकमेकांना चिकटले होते, कपाळाकडे मोहरीहून बारीक होत गेले होते. मान वर केली की पुढारी परत हजर.

त्या कागदावर करडा रंग कुठेच नव्हता. छापखान्याकडे शाई एकच, काळी. कागद पांढरा. मधल्या सगळ्या छटा आपला डोळा आपल्याला न विचारता कालवून घेतो. ही करामत ज्या ठशातून होई त्याला छापखान्यात हाफटोन ब्लॉक म्हणत. खिळ्यांच्या छपाईच्या दिवसांत ब्लॉक करून देणं हा वेगळा धंदाच होता. मूळ फोटोचा पुन्हा एकदा फोटो काढायचा, मात्र मध्ये उभ्या-आडव्या बारीक रेघा कोरलेली काच धरायची. त्या जाळीतून गाळून येणारा उजेड जागेजागी लहानमोठे ठिपके पाडतो. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल मधली जागा खाऊन टाकतं, ठिपके तेवढे उभे राहतात. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात साठ-सत्तर रेघांची जाळी पुरे, गुळगुळीत मासिकाला त्याच्या दुप्पट लागते.

मराठीत फोटो ‘काढतात’ आणि तो ‘निघतो’. हे क्रियापद मला फार आवडतं, कारण निघणं म्हणजे प्रवासाला लागणंही. डॉक्युमेंटरी फोटोग्राफर, म्हणजे खरी माणसं, खरी कामं, खऱ्या जागा टिपणारा माणूस, बटण दाबतो तेव्हा फोटो फक्त घरातून निघालेला असतो. पुढे तो कोणत्या वाहनानं जातो, वाटेत त्याचं काय सांडतं आणि शेवटी तो कुणाच्या डोळ्यांपुढे जाऊन उभा राहतो, याची गोष्ट फोटो काढण्याच्या गोष्टीइतकीच चक्रावणारी आहे. आपल्याकडे कौतुक मात्र सगळं कॅमेऱ्याचं होतं.

रोजच्या वर्तमानपत्रात हाफटोननं छापलेला पहिला फोटो कशाचा असावा? राजाराणीचा, नाहीतर एखाद्या भव्य इमारतीचा, असं वाटेल. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’नं जो छापला आणि जो पहिला म्हणून मानला जातो, तो होता शहराच्या कडेला वसलेल्या झोपड्यांचा. स्टीफन हॉर्गन या छपाईतल्या जाणकारानं रेघांची जाळी वापरून तो उतरवला होता. त्यानं हे चित्र छपाईचा प्रयोग म्हणूनच निवडलं असेल, तरी मला यात नियतीचा मिस्कीलपणा दिसतो.

त्याच शहरात तेव्हा जेकब रीस नावाचा एक पोलीस बातमीदार रात्री भटकत असे. मूळचा डेन्मार्कचा, १८७० मध्ये अमेरिकेत आलेला, स्वतः फुटपाथावर आणि पोलिसांच्या रात्रनिवाऱ्यात झोपलेला. मलबेरी स्ट्रीटच्या चाळींत, दहा-बारा माणसं एका खोलीत कोंबलेली तो रोज पाहत होता आणि लिहीत होता. लिहून कुणाच्या अंगावरची माशी उठत नव्हती. फोटो काढावा तर त्या खोल्यांत दिवसाही काळोख. १८८७ मध्ये सकाळचं वर्तमानपत्र वाचताना त्याला बातमी दिसली, की जर्मनीत मॅग्नेशियमची एक पूड निघाली आहे, ती पेटवली की क्षणभर लख्ख उजेड पडतो. त्याला हवं होतं ते हेच.

सुरुवातीला ही पूड पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवत. मध्यरात्री दार ढकलून चार अनोळखी पुरुष पिस्तूल रोखून आत आले तर झोपलेली माणसं काय करतील? खिडकीतून उड्या टाकून पळाली. मग रीसनं पिस्तूल टाकून दिलं आणि घरातला तळणीचा तवा आणला. तव्यात पूड, तव्यावर भडका. या उद्योगात त्यानं दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली. एकदा तर माळ्यावरच्या खोलीत पाच आंधळी माणसं होती आणि भिंतीवरच्या चिंध्यांनी पेट घेतला. त्यानं एकट्यानंच ती आग विझवली. नंतर पोलिसाला सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याच्या मते त्या घरावर मळाची इतकी पुटं होती की आगच गुदमरून जात असे.

इथवर फोटो निघाला. आता तो न्यायचा कसा? मासिकाच्या एका संपादकाला फोटो हवे होते, पण सोबतचा मजकूर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचा होता. रीस उठून आला. चर्चमध्ये दाखवू म्हटलं तर तिथेही दारं बंद. शेवटी २५ जानेवारी १८८८ ला हौशी फोटोग्राफरांच्या मंडळात त्यानं शंभर काचा घेऊन कार्यक्रम केला. काच म्हणजे तळहाताएवढी पारदर्शक पट्टी, तिच्यावर उमटलेला फोटो, मागून प्रखर दिवा, पुढे भिंग, समोर पांढरा पडदा. मोठ्या कंदिलांत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा खडा तापवून तो उजेड करत. आपल्याकडेही चारच वर्षांनी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी याच जातीच्या कंदिलावर ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. त्यांच्या काचांवर हातानं रंगवलेल्या पुराणकथा होत्या. यंत्र एकच, पण एकीकडे राम-सीता पडद्यावर हलत होते आणि दुसरीकडे चाळीतला उपाशी पोरगा माणसाच्या दुप्पट उंचीचा होऊन श्रीमंतांच्या अंगावर येत होता. खोलीत अंधार, सगळे एकाच दिशेला बघणारे, उठून जाता येत नाही आणि शेजारी रीस बोलतो आहे. फोटोचं यापेक्षा दणकट वाहन त्या काळी नव्हतं.

छापील मासिकाची गाडी त्या मानानं खटारा निघाली. १८८९ च्या डिसेंबरात ‘स्क्रिबनर्स’मध्ये त्याचा लेख आला, पण फोटो म्हणून छापलं गेलं ते त्यांवरून चित्रकारानं काढलेलं रेखाटन. चेहरे गोंडस झाले, खोल्या जरा नीटनेटक्या. पुढल्या वर्षी पुस्तक आलं तेव्हा त्यात काही खरे हाफटोन होते, पण धुरकट. तरी पुस्तक गाजलं, थिओडोर रूझवेल्टपर्यंत गेलं, आणि त्याच मलबेरी स्ट्रीटवरची ‘मलबेरी बेंड’ ही वस्ती पाडून १८९७ मध्ये तिथे बाग झाली. रीस स्वतःला फोटोग्राफर समजतच नव्हता. त्याच्या काचा घराच्या माळ्यावर पडून राहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी अलेक्झांडर अलँड नावाच्या फोटोग्राफरनं पाठपुरावा करून त्या शोधल्या, नव्यानं प्रिंट काढले, तेव्हा जगाला कळलं की मूळ चित्रं किती धारदार होती. जवळजवळ साठ वर्षं लोक त्या फोटोंची सावलीच पाहत होते.

लुईस हाइनचं वेगळं. तो मुळात मास्तर. १९०८ पासून त्यानं गिरण्यांत, खाणींत, डबाबंद माशांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. दारावर तो कधी अग्निशमन तपासनीस असे, कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो घ्यायला आलेला कंपनीचा माणूस. मुलाचं वय विचारलं की मुकादम दोन वर्षं वाढवूनच सांगणार. म्हणून हाइननं आपल्या जाकिटाच्या प्रत्येक बटणाची जमिनीपासूनची उंची आधीच मोजून ठेवली होती. पोरगं जवळ आलं की कळायचं, हे तिसऱ्या बटणाएवढं. आणि खिशात हात घालून, न बघता, तो पेन्सिलीनं टिपण करी: नाव, वय, मजुरी, कामाचे तास. फोटोइतकीच ती चिठ्ठी मोलाची होती. पुढे बालमजुरीविरोधी समितीनं हे फोटो मोठमोठ्या फलकांवर चिकटवले, खाली ठळक आकडे लिहिले आणि सभांमधून, प्रदर्शनांमधून फिरवले. पाच हजारांहून अधिक फोटो आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. हाइन १९४० मध्ये गेला तेव्हा कफल्लक होता.

मग फोटो तारेवरूनही जाऊ लागला. १ जानेवारी १९३५ ला असोसिएटेड प्रेसनं टेलिफोनच्या तारेवरून फोटो पाठवायला सुरुवात केली. प्रिंट एका गोल फिरणाऱ्या नळकांड्याला गुंडाळायचा. उजेडाचा एक बारीक ठिपका त्याच्यावरून कडेकडेनं सरकतो. काळा भाग आला की कमी उजेड परततो, पांढरा आला की जास्त, आणि त्या कमीजास्तीचा तारेत सूर होतो. तिकडे दुसऱ्या शहरात तेवढ्याच वेगानं फिरणाऱ्या फिल्मवर तो सूर पुन्हा उजेड होतो. म्हणजे काही मिनिटं तो चेहरा तारेतून गात चाललेला असतो. मला हे अजूनही धड पटत नाही.

त्याच सुमारास अमेरिकन सरकारनं मंदीत भरडलेल्या शेतकऱ्यांचे फोटो काढायला माणसं नेमली. प्रमुख रॉय स्ट्रायकर. फोटो वर्तमानपत्रांना, मासिकांना फुकट द्यायचे, कुणीही छापा. स्ट्रायकरला एखादी निगेटिव्ह पसंत पडली नाही तर तो तिला चक्क भोक पाडी. आज ती फोटोंची संपदा चाळताना शेतकऱ्याच्या कपाळावर, आभाळात, गाईच्या पोटात काळा गोल चंद्र दिसतो. मला त्या भोकांचा राग येतो आणि ती बघाविशीही वाटतात.

डोरोथिया लँग याच चमूतली. मार्च १९३६ मध्ये ती कामावरून घरी निघाली होती. कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्यांच्या तळाची पाटी तिला दिसली. ती पुढे गेली, वीस मैल गेली आणि गाडी वळवून परत आली. तंबूत एक बाई होती, मुलं खांद्यांवर तोंड लपवून बसलेली. लँगनं मोजकेच फोटो काढले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्राच्या संपादकाला दाखवले. बातमी छापून आली आणि सरकारनं त्या तळावर सुमारे नऊ टन अन्न पाठवलं. फोटोनं इतकं थेट काम केल्याची उदाहरणं थोडी आहेत. फक्त ती बाई तोवर मुलाबाळांसह पुढच्या गावी निघून गेली होती.

आणि लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. हा फोटो पुढे पुस्तकांत गेला, भिंतींवर गेला, टपाल तिकिटावर गेला. नाव मात्र बेचाळीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. १९७८ मध्ये एका स्थानिक वार्ताहरानं तिला शोधून काढलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या फोटोतून आपल्याला एक छदामही मिळाला नाही, असं ती म्हणाली. हाइनच्या खिशातली पेन्सिल मला इथे आठवते.

आपल्याकडे १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात सुनील जाना हा पंचविशीचा तरुण कॅमेरा घेऊन कम्युनिस्ट पुढारी पी. सी. जोशींबरोबर गावोगाव फिरला. त्याचे फोटो छापले गेले ते मुंबईहून निघणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’मध्ये. कागद रद्दी, छपाई यथातथा, पण कलकत्त्याच्या रस्त्यावरची प्रेतं गिरणगावातल्या हातांत पोचली. त्याच दुष्काळावर अण्णाभाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. एक वार्ता ठिपक्यांतून आली, एक डफावर. अक्षर न येणाऱ्याला दोन्ही कळत होत्या.

आज डॉक्युमेंटरी फोटोग्राफर आपलं ताजं काम कुठे नेतात? एक मोठी जत्रा फ्रान्सच्या दक्षिण टोकाला पेर्पिन्याँ गावात भरते. १९८९ पासून, दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस. जुन्या चर्चमध्ये आणि मठांत प्रदर्शनं, तिकीट नाही. दिवसा तरुण मुलंमुली कामाची पेटी नाहीतर टॅब काखेत मारून संपादकांना गाठत हिंडतात, वीस मिनिटांत दोन वर्षांचं काम दाखवतात. रात्री चौदाव्या शतकातल्या दफनभूमीच्या चौकात, उघड्या आभाळाखाली, अजस्र पडद्यावर वर्षभरातले फोटो एकामागून एक येतात. रीसचा कंदीलच तो, नव्या दिव्याचा.

पण मला जास्त ओढ आहे ती ढाक्याची. फोटोग्राफर शहिदुल आलम आणि त्यांच्या ‘दृक’ संस्थेनं २००० च्या सुमारास ‘छबी मेला’ सुरू केला. गॅलरीत रिक्षावाला येत नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून गॅलरीच रिक्षावर चढवली. तिथे माल वाहणाऱ्या तीनचाकी सायकलगाड्या असतात, त्यांना व्हॅन म्हणतात. मागच्या सपाट फळीवर फोटो उभे बांधायचे आणि पायडल मारत गल्लीत शिरायचं. भाजीवाल्याची गाडी थांबते तशी ही थांबते. गर्दी जमते, पोरं फ्रेमला नाक लावून बघतात, कुणी मागच्या बाजूनं फिरून बघतं की मागे काय आहे. नेपाळात एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सहाच महिन्यांनी ‘फोटो काठमांडू’ भरलं, तेही पाटणच्या गल्ल्यांत, चौकांत, तडे गेलेल्या भिंतींच्या शेजारी.

पत्रकार पी. साईनाथांचं ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन तर मला या सगळ्याचा कळस वाटतं. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेले कष्टकरी बायकांचे फोटो: वीटभट्टी, सरपण, शेण, लावणी, गुरं. हे फलक त्यांनी बसस्टँडवर, कारखान्यांच्या फाटकांशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत आणि शाळा-कॉलेजांत लावले. देशात सात लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. गॅलरीतला माणूस फोटो बघायला येतो. बसस्टँडवरचा माणूस एसटीची वाट बघत असतो आणि फोटो त्याला सापडतो. हा दुसरा प्रेक्षक जास्त वेळ थांबतो, असं माझं मत आहे, कारण एसटी वेळेवर येत नाही.

अकोल्याच्या सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं गटारांत, कचऱ्याच्या गाड्यांत उतरून फोटो काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काळेपांढरे फोटो मोठ्या आकारात समोर आले की माणूस नकळत नाकाकडे हात नेतो. तेच फोटो मोबाइलवर अंगठ्यानं वर सरकवता येतात, पाऊण सेकंदात.

मोबाइलच्या काचेवरही पाण्याचा थेंब सोडून पाहा. बारीकसा, टाचणीच्या टोकाएवढा. पांढऱ्या भागाखाली पांढरं काही नसतं. लाल, हिरव्या, निळ्या चिमुकल्या खिडक्या शेजारी शेजारी पेटलेल्या दिसतील. जस्ताच्या ब्लॉकपासून इथवर आलो तरी चलाखी तीच आहे, आणि अजूनही आपला डोळाच फसायला तयार आहे. या वाहनाचा वेग अफाट. २०१२ मध्ये दोन पत्रकारांनी आयव्हरी कोस्टमध्ये फोनवर काढलेल्या साध्या रोजच्या फोटोंतून ‘एव्हरीडे आफ्रिका’ उभं राहिलं. दुष्काळ आणि बंदुका सोडून तिथे लिफ्ट, लग्नं आणि ट्रॅफिकही असतं, हे जगाला दिसलं. गैरसोय एवढीच, की गाडी कुणापाशी थांबवायची हे आता फोटोग्राफर ठरवत नाही.

साईनाथांनीच २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘परी’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत मजकूर येतो, आणि फोटोखाली माणसाचं नाव, गाव, काम लिहिलेलं असतं. फोटोग्राफर दयानिता सिंग यांनी २०२२ मध्ये परीबरोबर डॉक्युमेंटरी फोटोग्राफीचा पुरस्कार सुरू केला. पहिला मिळाला तमिळनाडूच्या पलनी कुमारला, मदुराईजवळच्या गावात मासे विकणाऱ्या बाईच्या मुलाला. हातानं मैला साफ करणाऱ्यांचे त्याचे फोटो आहेतच, शिवाय तो त्या कामगारांच्या मुलांना कॅमेरा शिकवतो.

माझा एक फोटोग्राफर मित्र आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यानं मावळातल्या एका शाळेच्या पडवीत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी आपले प्रिंट टांगले. एका प्रिंटमध्ये ओडिशातली बाई गुडघाभर चिखलात वाकून भात लावत होती. मी त्या फोटोतला उजेड बघत होतो, पाण्यात पडलेलं तिचं प्रतिबिंब बघत होतो. दोन म्हाताऱ्या पुढे आल्या. एकीनं डोळे बारीक केले.

“चूड बघ की हिचा, केवढा जाड! यात फुटवं कुठनं येनार?”

“पानी लई हाय तिथं,” दुसरी म्हणाली. “एवढ्या पान्यात बारीक चूड ऱ्हातोय व्हय? उपटून जाईल.”

पाचेक मिनिटं वाद चालला. मी तो फोटो त्याआधी निदान दहा वेळा पाहिला होता आणि त्या बाईच्या मुठीत किती रोपं आहेत हे मला दिसलं नव्हतं. मग पहिलीनं माझ्या मित्राकडे वळून विचारलं, “नाव काय रं हिचं?”

खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘भातलावणी, ओडिशा’. मित्रानं ती वाचली, पुन्हा वाचली. कानशिलं लाल झाली त्याची. काही न बोलता तो प्रिंटचा चिमटा काढायला लागला, तर म्हातारीनं त्याचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे की. आमचं बघून झालं न्हाई अजून.”